वैशाखातला पॅसिफिक किनारा आणि मराठवाड्याचा पाऊस

मराठवाड्यातील मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी मे महिना म्हणजे चाळिशी ओलांडणारे तापमान, नांगरून तापत ठेवलेल्या काळ्या रानातून उठणारी धग आणि कृषी सेवा केंद्रांत सुरू झालेली कपाशी-सोयाबीनच्या वाणांची चौकशी. याच महिन्यात जालना, परभणी, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातील काही घरांतून वडीलधारी मंडळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे निघतात, कारण गेल्या काही दशकांत संगणक अभियांत्रिकी शिकलेली इकडची मुले-मुली सॅन फ्रान्सिस्को आणि त्याच्या उपसागराभोवती वसलेल्या सॅन होजे, सनीव्हेल, फ्रीमाँट या गावांत स्थिरावली आहेत. तिकडच्या विद्यापीठांचे पदवीदान समारंभ मे-जूनमध्ये होतात, नातवंडांच्या शाळा जूनमध्ये सुटतात आणि इकडे खरिपाच्या पेरणीला अजून अवकाश असतो, म्हणून वसंत संपत येण्याचा हा काळ प्रवासाला सोयीचा ठरतो. या पाहुण्यांना पूल, ट्राम आणि उंच इमारती आवर्जून दाखवल्या जातात. पण मंठ्याच्या माणसाने तिथे खरोखर पाहावे असे काही असेल तर तो समोरचा समुद्र होय, कारण खरिपाच्या भवितव्याचा मोठा हिस्सा त्याच महासागरात ठरत असतो.

विमानतळाबाहेर पडताच जाणवते ती थंडी. सॅन फ्रान्सिस्को शहरात मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान सुमारे १८ अंश सेल्सिअस आणि किमान ११ अंशांच्या आसपास असते. मराठवाड्यात पौषातल्या पहाटेही अनेकदा याहून फार वेगळ्या नसतात. शहर ३७ अंश ४७ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे मंठ्यापेक्षा सुमारे १८ अंश उत्तरेला, आणि एवढ्यावरून थंडीचा उलगडा होईल असे वाटते. परंतु जवळपास त्याच अक्षांशावर, शहरापासून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटर आत असलेल्या सॅक्रामेंटो-स्टॉक्टनच्या खोऱ्यात मेअखेरीस दुपारचे तापमान ३० अंशांच्या पुढे जाते. त्यामुळे शहराच्या थंडीचे कारण अक्षांशात सापडत नाही, ते किनाऱ्यालगतच्या पाण्यात सापडते. ओशन बीच या शहराच्या पश्चिम टोकावरील वाळूच्या किनाऱ्यावर मे महिन्यात समुद्राचे पाणी ११-१२ अंश एवढे गार असते, तर त्याच दिवसांत अरबी समुद्राचे पृष्ठजल ३० अंशांच्या आसपास पोचलेले असते. गणपतीपुळे किंवा अलिबागच्या सवयीने कोणी पाण्यात उतरू लागले तर घरच्यांनी त्यांना थांबवावे हेच योग्य, कारण थंडीने काही मिनिटांत हातपाय आखडतात आणि तिथले परतीचे प्रवाह माणसाला खोल पाण्यात ओढून नेण्याइतके जोरकस असतात.

हे पाणी एवढे गार का, याचे उत्तर वाऱ्यात आणि पृथ्वीच्या परिवलनात आहे. उत्तर पॅसिफिकवर उन्हाळ्याच्या तोंडाला हवेच्या जास्त दाबाचे एक विस्तीर्ण क्षेत्र उत्तरेकडे सरकून ठाण मांडते आणि त्याच्या पूर्वेच्या कडेने वारे वायव्येकडून, किनाऱ्याला जवळजवळ समांतर, दक्षिणेकडे वाहू लागतात. वारा पाण्याला ढकलतो, पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात हलते पाणी वाऱ्याच्या उजवीकडे वळते, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्राकडे जाते. नॉर्वेचे संशोधक नान्सेन यांना ध्रुवीय समुद्रातील बर्फ वाऱ्याच्या दिशेने न वाहता तिच्या उजवीकडे सरकताना आढळला होता, आणि स्वीडिश शास्त्रज्ञ एकमन यांनी १९०५ मध्ये त्याचे गणित मांडले. तोच नियम कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागू पडतो. वरचे पाणी बाहेर गेले की त्याची जागा भरून काढण्यासाठी खालचे, खोलातले, गार पाणी वर येते. हे वर येणे एप्रिल ते जून या काळात सर्वांत जोरात असते, त्यामुळे आकाशात ऊन वाढत असताना किनाऱ्यावरचे पाणी मात्र वर्षातील सर्वांत थंड अवस्थेच्या जवळ असते, आणि सॅन फ्रान्सिस्कोचे सर्वांत उबदार महिने जून-जुलै नसून सप्टेंबर-ऑक्टोबर आहेत.

खोलातून येणाऱ्या या पाण्यात तळाशी साचलेली पोषकद्रव्ये असतात. ती उजेडात आली की सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर बारीक झिंग्यासारखे जीव, त्यांवर मासे, आणि माशांवर पक्षी, सील व देवमासे जगतात. एप्रिल-मे मध्ये करड्या देवमाशांच्या माद्या मेक्सिकोच्या उथळ खाड्यांत जन्मलेली पिल्ले सोबत घेऊन याच किनाऱ्याने अलास्काकडे जातात आणि शहराच्या टेकडीवरून धीराने पाहिले तर त्यांचे फवारे दिसू शकतात. किनाऱ्यापासून चाळीसेक किलोमीटर आत समुद्रात फॅरेलॉन नावाची खडकाळ बेटे आहेत, जिथे या दिवसांत लाखो समुद्रपक्षी घरटी करतात. पाणी गार आहे म्हणून समुद्र निर्जीव असेल असा तर्क करू नये. थंड पाण्याचे हे पट्टे जगातील सर्वांत समृद्ध मासेमारी क्षेत्रांत गणले जातात.

धुके याच गार पाण्याचे अपत्य आहे. खुल्या समुद्रावरून येणारी दमट हवा किनाऱ्यालगतच्या थंड पट्ट्यावरून सरकताना निवते, तिच्यातील बाष्पाचे बारीक थेंब होतात आणि समुद्रावर काही शे मीटर जाडीची राखाडी दुलई पसरते. तिच्यावर मात्र जास्त दाबाच्या क्षेत्रातून खाली उतरणारी कोरडी, उबदार हवा असते; खाली गार आणि वर उबदार असा हा उलटा क्रम, ज्याला हवामानशास्त्रात तापमानाची विपरीतता म्हणतात, ढगाला वर चढू देत नाही. वर चढता न आल्यामुळे त्याचा पाऊस होत नाही. म्हणून मे ते सप्टेंबर या काळात शहरावर ढग जवळजवळ रोज दिसतो, पण पर्जन्यमापकात फारसे काही पडत नाही. वर्षभराचा पाऊस सुमारे ६०० मिलिमीटर, म्हणजे जालना जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा थोडाच कमी आहे. फरक एवढाच की तो बहुतेक सगळा नोव्हेंबर ते मार्च या हिवाळी महिन्यांत पडतो.

दुपार झाली की हे धुके शहरात शिरते, आणि त्याची वाट पाहण्यासारखी असते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला समांतर डोंगररांग आहे आणि तिच्यात सुमारे दीड किलोमीटर रुंदीची एक सामुद्रधुनी हे मोठे खिंडार आहे, तिचे नाव गोल्डन गेट. डोंगरापलीकडचे मोठे खोरे उन्हाने तापले की तिथली हवा हलकी होऊन वर जाते, दाब कमी होतो आणि समुद्रावरची गार हवा त्या खिंडारातून आत ओढली जाते. तापलेली जमीन समुद्राची हवा ओढून घेते हे तत्त्व मराठवाड्यातील शेतकऱ्याला परके नाही, कारण वायव्य भारत आणि पाकिस्तानचा प्रदेश मे-जूनमध्ये तापून तिथे कमी दाबाचे क्षेत्र तयार होणे हे मोसमी वाऱ्यांना खेचणाऱ्या कारणांपैकी एक प्रमुख कारण आहे. दोन्हीकडची यंत्रणा मुळात एकाच जातीची असली तरी भारताकडे येणारी हवा तीस अंशांच्या समुद्रावरून भरपूर बाष्प घेऊन येते आणि वर चढत मुसळधार कोसळते, तर कॅलिफोर्नियात शिरणारी हवा बारा अंशांच्या पाण्यावरून येते आणि विपरीततेच्या झाकणाखाली दबून धुकेच राहते. मंठ्याहून गेलेल्या पाहुण्यांनी दुपारी चारच्या सुमारास गोल्डन गेटजवळच्या टेकडीवर उभे राहून ते राखाडी लोट पुलाखालून आत येताना पाहिले, तर मोसमी पावसाचे अर्धे तत्त्व त्यांना डोळ्यांनी दिसते. धुक्यामुळे पूल दिसला नाही अशी तक्रार पर्यटक करतात, पण मे महिन्यात त्या शहरात धुके हेच पाहण्याजोगे सर्वांत मोठे दृश्य आहे.

पुलाचे म्हणायचे तर तो वसंताच्या याच टप्प्यावर, २७ मे १९३७ रोजी पादचाऱ्यांसाठी आणि दुसऱ्या दिवशी वाहनांसाठी खुला झाला. दोन मनोऱ्यांमधील अंतर १,२८० मीटर असून मनोरे पाण्यापासून २२७ मीटर उंच आहेत. त्याचा शेंदरी-तांबडा रंग धुक्यातही जहाजांना ओळखू यावा आणि भोवतालच्या डोंगरांशी मेळ खावा या विचाराने ठेवला गेला. या सामुद्रधुनीची एक मोठी नवलाई अशी की सोळाव्या शतकापासून स्पॅनिश आणि इतर युरोपीय जहाजे हा किनारा धुंडाळत असूनही त्यांना दोन शतके आतला उपसागर सापडला नाही. अरुंद तोंड, पलीकडच्या टेकड्यांत मिसळून जाणारी रेषा आणि धुके यांनी तो झाकून ठेवला. १७६९ मध्ये पोर्तोलाच्या तुकडीला तो जमिनीवरून दिसला आणि १७७५ मध्ये सॅन कार्लोस हे पहिले युरोपीय जहाज आत शिरले.

पुलापलीकडे मरीन जिल्ह्यात म्यूर वुड्स हे रेडवुड वृक्षांचे राखीव वन आहे, ज्याला १९०८ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी संरक्षण दिले. तिथे जायचे तर वाहनतळाची जागा आधी आरक्षित करावी लागते. रेडवुड हे जगातील सर्वांत उंच वाढणारे झाड असून उन्हाळ्यातील पाच कोरडे महिने ते धुक्याच्या आधाराने काढते: पानांवर धुक्याचे थेंब साचतात, खाली ठिबकतात, मुळांना मिळतात आणि काही पाणी पानेही थेट शोषून घेतात. उत्तर कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात वर्षभराच्या एकूण पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश पाणी असे धुक्यातून आलेले आढळले. ठिबक सिंचनावर मोसंबी जगवणाऱ्या जालना जिल्ह्याला या झाडांची रीत चटकन समजावी.

माणसांच्या शहराला मात्र धुके पुरत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे पिण्याचे पाणी मुख्यतः सिएरा नेव्हाडा पर्वतातील हेच हेची जलाशयातून अडीचशेहून अधिक किलोमीटर वाहून येते. धरण १९२३ मध्ये उभे राहिले आणि पाणी शहरात १९३४ मध्ये पोचले. डोंगरावर हिवाळ्यात साचलेला बर्फ मे-जूनमध्ये वितळतो, म्हणजे पाऊस नसलेल्या हंगामात पाणी देणारा निसर्गाचा साठाच तिथे आहे, आणि त्याच बर्फाच्या पाण्यावर मोठ्या खोऱ्यात बदाम, टोमॅटो आणि लांब धाग्याची कपाशी पिकते. मराठवाड्याजवळ असा बर्फाचा साठा नाही. पूर्णा नदीवर जिंतूरजवळ येलदरी धरण आहे, पण तेही पावसाळ्यात वर किती बरसले यावरच भरते; त्यामुळे चार महिन्यांच्या पावसाची अनिश्चितता इथे थेट शेतकऱ्याच्या अंगावर येते, आणि इथूनच या लेखाचा धागा पुन्हा पॅसिफिककडे वळतो.

खोलातले गार पाणी वर येण्याची जी क्रिया कॅलिफोर्नियात घडते, ती दक्षिण अमेरिकेत पेरूच्या किनाऱ्यावर आणखी जोराने घडते. नेहमीच्या वर्षी विषुववृत्तावरचे पूर्वेचे वारे उबदार पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात, त्यामुळे पाऊस पाडणारी हवा त्या बाजूला वर चढते आणि पेरूकडे खाली उतरते. दर काही वर्षांनी हे वारे मंदावतात, उबदार पाणी मध्य आणि पूर्व पॅसिफिककडे पसरते, पेरूच्या किनाऱ्यावर गार पाणी वर येणे घटते, आणि नाताळच्या सुमारास ही ऊब जाणवते म्हणून तिथल्या कोळ्यांनी तिला बाळ येशूवरून एल निनो हे नाव दिले. ऊब सरकली की वर चढणारी हवाही तिच्यामागे पूर्वेला सरकते, भारतीय उपखंडावर हवा खाली उतरण्याकडे कल वाढतो आणि मोसमी पाऊस कमकुवत होण्याची शक्यता बळावते.

हा संबंध उलगडण्याच्या कथेत भारताचा वाटा मोठा आहे. १८७६ ते १८७८ आणि १८९९-१९०० या दोन्ही भीषण दुष्काळांत दख्खन होरपळला, आणि त्यानंतर १९०४ मध्ये भारतीय वेधशाळांचे प्रमुख म्हणून आलेले गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनी मोसमी पावसाचा अंदाज बांधता यावा म्हणून जगभरच्या हवामाननोंदी ताडून पाहिल्या. पॅसिफिकच्या पूर्वेकडे हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराकडे तो घटतो आणि उलटही घडते, हे त्यांनी दाखवून दिले आणि त्या झुलण्याला दक्षिणी दोलन असे नाव दिले. त्याचे कारण पुढे कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यावर, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात काम करणाऱ्या याकोब बियर्कनेस यांनी १९६० च्या दशकात सांगितले: समुद्राची ऊब आणि हवेचे दोलन या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. विषुववृत्तावरच्या त्या पूर्व-पश्चिम हवाचक्राला त्यांनी वॉकर यांचेच नाव दिले.

या विज्ञानाची सर्वांत कठोर प्रचिती मराठवाड्याला १९७२ मध्ये आली. त्या वर्षी पॅसिफिकमध्ये जोरदार एल निनो होता. पेरूच्या किनाऱ्यावर अँकोव्ही या छोट्या माशाची १९७० मध्ये १ कोटी २० लाख टनांहून अधिक असलेली पकड, आधीच्या बेसुमार मासेमारीचा भारही असल्यामुळे, १९७३ पर्यंत सुमारे २० लाख टनांवर कोसळली, आणि त्याच वेळी मराठवाड्यातील माणसे खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामांवर जाऊन सुकडी खात आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो दळून भाकरी करत दिवस काढत होती. लिमाचा कोळी आणि मंठ्याचा कोरडवाहू शेतकरी यांना एकमेकांचे नावही ठाऊक नव्हते, तरी एकाच समुद्राच्या एकाच बदलाने दोघांच्या चुली विझल्या. महाराष्ट्राने त्या अनुभवातून रोजगार हमी योजनेला आकार दिला आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. पुढे २०१५ च्या तीव्र एल निनोच्या वर्षी मराठवाडा पुन्हा कोरडा गेला आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. तरीही प्रत्येक एल निनो दुष्काळ घेऊनच येतो असे नाही: १९९७ चा एल निनो अतिशय तीव्र असूनही भारतातील पाऊस सरासरीएवढा झाला, ज्याचे एक कारण हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांतील तापमानाचा फरक भारताला अनुकूल होता असे मानले जाते. कॅलिफोर्नियात चित्र बहुधा उलटे असते, कारण तीव्र एल निनोच्या हिवाळ्यात तिथे पाऊस वाढण्याकडे कल असतो, आणि १९८२-८३ व १९९७-९८ मध्ये तिथे पूर आणि दरडींनी मोठी हानी झाली.

या किनाऱ्याशी मराठी माणसाचे नाते संगणकयुगापेक्षा जुने आहे, हेही तिथे जाणाऱ्याला ठाऊक असावे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पॅसिफिक किनाऱ्यावर आले, ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतील महाविद्यालयांत शेतीशास्त्र शिकले आणि १९१३ साली आकाराला आलेल्या, भारतातील इंग्रज सत्तेविरुद्धच्या गदर चळवळीच्या उभारणीत सहभागी झाले. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे याच किनाऱ्यावरील सिअ‍ॅटलला अभियांत्रिकी शिकायला गेले, गदरमध्ये सामील होऊन भारतात परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासोबत फासावर गेले. गदर पत्राचा पहिला अंक १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत निघाला होता. शहरातील वुड स्ट्रीटवर आज गदर स्मारक आहे. पर्यटकांच्या यादीत ते क्वचितच असते, आणि मराठी कुटुंबांनी ते वगळू नये असे आग्रहाने सांगावेसे वाटते. खानखोजे पुढे मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात त्यांनी शिकवले, मक्याच्या सुधारित वाणांवर काम केले आणि १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये बद्रिनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि जालना संकरित बियाण्यांचे केंद्र म्हणून ओळखला जाऊ लागला, त्या जिल्ह्याला खानखोज्यांचे हे दुसरे आयुष्य पहिल्याइतकेच जवळचे वाटायला हवे.

मे महिन्यात पॅसिफिकसमोर उभे राहण्याला आणखी एक अर्थ आहे. मार्च ते मे हा काळ एल निनोच्या अंदाजासाठी सर्वांत अवघड मानला जातो, कारण या दिवसांत विषुववृत्तीय पॅसिफिकमधील ऊब आणि वारे यांची सांगड सैल असते, छोट्या घडामोडीही पुढची दिशा बदलू शकतात, आणि एप्रिलमध्ये बांधलेला अंदाज जूननंतरच्या अंदाजापेक्षा कमी भरवशाचा ठरतो. शास्त्रज्ञ याला वसंतातील अंदाजाची भिंत म्हणतात. १९९४ पर्यंत विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेल्या सुमारे सत्तर वेधतरंगकांची साखळी पूर्ण झाली. वरच्या पाण्यापासून पाचशे मीटर खोलपर्यंतचे तापमान ते मोजतात आणि उपग्रहांमार्फत पाठवतात. भारतीय हवामानशास्त्र विभाग मोसमी पावसाचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये देतो आणि मेअखेरीस तो सुधारतो, तेव्हा या नोंदींवर उभी राहिलेली प्रतिमाने त्यामागे असतात. तोपर्यंत मंठ्यात रोहिणी नक्षत्र लागलेले असते, मृग आठवड्या-दोन आठवड्यांवर आलेला असतो, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याखेरीज पेरणी करू नये हा कृषी विद्यापीठाचा सल्ला दरवर्षीप्रमाणे गावोगावी पोचलेला असतो.